एकच धडा, दोन पुस्तकांत: मराठी आणि गणित विषय समित्यांना खुले पत्र

प्रति,
शालेय पाठ्यपुस्तकांच्या मराठी विषय समितीचे आणि गणित विषय समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

दोन्ही समित्यांना मिळून हे एकच पत्र लिहिते आहे, कारण माझं मागणं तुम्ही एकत्र बसल्याशिवाय पुरं होणारं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलत आहेत. नववी-दहावीची पाळी येईल तेव्हा छंद आणि गणित यांवर एक धडा तुम्ही मिळून लिहावा. तोच धडा मराठीच्या पुस्तकात छापावा आणि गणिताच्याही. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी तो एकाच आठवड्यात शिकवावा.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि कविता मोठ्यानं म्हणायला मला लहानपणापासून आवडते. माझ्या मनात या दोन गोष्टी शेजारी शेजारीच राहिल्या. मुलांना मात्र घंटा झाली की एक वही मिटून दुसरी उघडावी लागते, आणि पहिल्या वहीतला प्रश्न दुसऱ्या वहीत नेता येतो हे त्यांना कुणी सांगत नाही.

सगळ्यांना पाठ असलेल्या ओळीपासून सुरू करते: यमाताराजभानसलगा. यातल्या कुठल्याही अक्षरापासून सलग तीन अक्षरं घेतली की त्या अक्षराच्या नावाचा गण, म्हणजे तीन अक्षरांचा गट, मिळतो. लघु म्हणजे आखूड उच्चाराचं अक्षर, गुरु म्हणजे लांब. यमाता म्हणजे लघु गुरु गुरु, य गण. मातारा, तिन्ही गुरु, म गण. पुढे ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. तीन अक्षरांत लघु-गुरूच्या आठच मांडण्या होतात आणि या ओळीत त्या आठही आहेत, प्रत्येक एकदाच. सुट्या सुट्या लिहिल्या तर चोवीस अक्षरं लागली असती, इथे दहांत भागलं. आता शेवटची दोन अक्षरं पाहा: ल आणि गा, लघु आणि गुरु. पहिली दोन, य आणि मा, हीसुद्धा लघु आणि गुरुच. म्हणून ती शेवटची दोन गाळून उरलेली आठ अक्षरं वर्तुळात मांडली, तरी फिरत फिरत आठही गण सापडतात. आठ मांडण्यांना आठ जागा. याहून आखूड वर्तुळ होऊच शकत नाही, आणि का होऊ शकत नाही हे आठवीतलं मूलही पटवून देऊ शकतं.

अशा वर्तुळांना आज गणितात निकोलास द ब्रॉइन या डच गणितज्ञाचं नाव आहे. त्यांचा त्यावरचा निबंध १९४६ मधला. डीएनएचे बारीक तुकडे जुळवून सलग क्रम लावताना संगणक ज्या आलेखांचा आधार घेतात, ते याच कल्पनेवर उभे आहेत. आपण मात्र ही ओळ गण लक्षात ठेवायची क्लृप्ती म्हणून देतो आणि पुढे जातो. दोन अक्षरी मांडण्यांसाठी चार जागांचं वर्तुळ तयार कर, चार अक्षरी मांडण्यांसाठी सोळा जागांचं कर, असं मुलांना एकदा सांगून बघा. सोळाचं वर्तुळ करताना वर्गात जी खोडाखोडी आणि आरडाओरड होते, ती ऐकण्यासारखी असते.

एकदा दहावीच्या वर्गात एका मुलीनं मला विचारलं, "बाई, सगळी मिळून वृत्तं असतात तरी किती?" मराठीच्या तासाला सुचलेला प्रश्न तिनं गणिताच्या तासापर्यंत जपून ठेवला होता, आणि तिचं बरोबरच होतं. हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी पिंगलाचार्यांनी विचारला आणि छंदःशास्त्राच्या शेवटच्या अध्यायात त्याचं उत्तर दिलं. प्रत्येक जागी लघु किंवा गुरु, दोनच पर्याय. म्हणजे अक्षरं वाढतील तशी संख्या दुप्पट होत जाते. अनुष्टुभाच्या आठ अक्षरी चरणात २५६ मांडण्या, बारा अक्षरी चरणात ४,०९६, मंदाक्रान्तेच्या सतरा अक्षरांत १,३१,०७२.

पिंगल नुसत्या मोजणीवर थांबले नाहीत. या सगळ्या मांडण्या एका ठरावीक क्रमानं लिहून काढणं म्हणजे प्रस्तार. मांडणी दिली असता तिचा क्रमांक सांगणं म्हणजे उद्दिष्ट. क्रमांक दिला असता मांडणी परत उभी करणं म्हणजे नष्ट. हे दोन्ही मुलांकडून करून घेण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मनाच्या श्लोकातली पहिली ओळ घ्या: मना सज्जना भक्तिपंथेचि जावे. बारा अक्षरं, चार य गण, भुजंगप्रयात. केदारभट्टांच्या वृत्तरत्नाकरात उद्दिष्टाची रीत अशी आहे: प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर दुपटीनं वाढणारे आकडे लिहा. १, २, ४, ८, असं करत बाराव्या अक्षरावर २,०४८. मग फक्त लघु अक्षरांवरचे आकडे गोळा करा. इथे पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं अक्षर लघु आहे. त्यांच्यावर १, ८, ६४ आणि ५१२. बेरीज ५८५. त्यात एक मिळवा. बारा अक्षरांच्या ४,०९६ मांडण्यांत भुजंगप्रयात ५८६ व्या जागी बसलेलं आहे.

आता उलट जाऊ. हातात फक्त ५८६ आहे. संख्या सम असेल तर लघु लिहायचा आणि निम्मी करायची. विषम असेल तर गुरु लिहायचा, एक मिळवायचा आणि निम्मी करायची. ५८६ सम, लघु, उरले २९३. विषम, गुरु, एक मिळवून निम्मे १४७. पुन्हा विषम, गुरु, ७४. सम, लघु, ३७. असं बारा पायऱ्या करत गेलं की लगागा लगागा लगागा लगागा हातात येतं. ज्या ओळी आजीनं सांजवातीला म्हणून पाठ करून घेतल्या, त्यांची लय एका आकड्यातून उलगडते तेव्हा मुलांचे चेहरे मी पाहिलेले आहेत. संगणकाची द्विमान पद्धती वेगळी शिकवायची गरजच उरत नाही, ती कागदावर आलेली असते.

आणि इथेच मराठीच्या शिक्षकांशिवाय माझं पुढे जात नाही. ५८६ च्या शेजारी ५८७ आहे. तीच रीत लावली तर ते निघतं गालगा लगागा लगागा लगागा. पहिल्या दोन अक्षरांची नुसती अदलाबदल. दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहा. ५८६ सापासारखं सळसळत जातं, नावच भुजंगप्रयात आहे त्याचं. ५८७ म्हणताना जीभ पहिल्या तीन अक्षरांनंतर अडखळते. प्रस्तारात दोघांचा मान सारखा, मोजणीत काही डावं-उजवं नाही. तरी एकात समर्थांनी दोनशेवर श्लोक लिहिले आणि दुसरं कोण म्हणतं? गणितानं शक्यतांचं सगळं रान मोजून समोर ठेवलं, त्यातली वाट कवीच्या कानानं धरली. हा फरक मुलांना कानांनी कळायला हवा. मी फळ्यावर कितीही आकडे लिहिले तरी तो कळणार नाही. त्याला कविता म्हणता येणारा माणूस वर्गात उभा राहावा लागतो.

मराठीत छंदांची तीन कुळं आहेत आणि प्रत्येकाचं गणित निराळं आहे. आतापर्यंत लिहिलं ते अक्षरगणवृत्तांबद्दल. मात्रावृत्तांत अक्षरं किती हे ठरलेलं नसतं, मात्रा ठरलेल्या असतात: लघूची एक, गुरूच्या दोन. पादाकुलकाच्या चरणात सोळा. आता प्रश्न असा: चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? गागा, ललगा, लगाल, गालल, लललल. पाच. पाच मात्रा? एकेक लिहीत बसू नका, शेवटच्या अक्षराकडे बघा. ते लघु असेल तर त्याच्याआधी चार मात्रा आहेत, त्यांचे प्रकार पाच. गुरु असेल तर आधी तीन मात्रा, त्यांचे प्रकार तीन. पाच आणि तीन, आठ. याच न्यायानं पुढे १३, २१, ३४, ५५. सोळा मात्रांपर्यंत गेलं की १,५९७. जगात ही संख्यामाला इटलीतल्या फिबोनाचीच्या नावानं ओळखली जाते, त्याचा ग्रंथ १२०२ चा. त्याच्या कित्येक शतकं आधी विरहांक या छंदःशास्त्रज्ञानं प्राकृत कवितेच्या मात्रा मोजताना ती सांगितली होती, आणि बाराव्या शतकाच्या मध्यावर गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी नियमासकट मांडली.

तिसरं कूळ अक्षरछंदाचं, आणि त्याबद्दल लिहिताना माझा जीव जास्त गुंततो. अभंगात लघु-गुरूचा हिशेबच नाही, फक्त अक्षरं मोजायची. सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक. सहा-सहा-सहा-चार, एकूण बावीस अक्षरं. या बावीस अक्षरांत लघु-गुरु कसेही आले तरी अभंग मोडत नाही. कसेही म्हणजे किती प्रकारे? ४१,९४,३०४. भुजंगप्रयाताच्या ओळीला एकच मांडणी चालते, अभंगाला एकेचाळीस लाख चालतात. शेतात, घरात, बाजारात माणसं जशी बोलतात तसा शब्द उचलून अभंगात ठेवता येतो, त्याला ताणून-चेपून लघु-गुरूच्या साच्यात बसवावं लागत नाही. शिंपी, कुंभार, माळी, वाणी, दासी जनी, चोखोबा, सोयराबाई या सगळ्यांच्या तोंडी हा छंद कसा रुळला याची कारणं इतिहासात पुष्कळ आहेत, पण त्यातलं एक कारण या आकड्यात आहे असं मला ठामपणे वाटतं. हे मराठीच्या पुस्तकात यायला हवं, आणि दोनाचा बाविसावा घात मुलांनी स्वतः काढून यायला हवं.

तुम्ही म्हणाल, कवितेचं गणित झालं, पण गणितात कविता कुठे आहे? ती भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात आहे. भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष सांगितलं तेही आर्या वृत्तात: रस, गुण, पूर्ण, मही. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. उजवीकडून वाचायचं, शके १०३६. म्हणजे इसवी सन १११४. सिद्धान्तशिरोमणी रचला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते, हेही त्यांनी त्याच श्लोकात सांगून ठेवलं आहे.

लीलावतीतलं पहिलं बेरजेचं उदाहरण काय आहे? २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज कर आणि ती दहा हजारांतून वजा कर. इतकं साधं. पण ते शिखरिणी वृत्तात आहे. अये बाले लीलावति मतिमति ब्रूहि सहितान्, द्विपञ्चद्वात्रिंशत्त्रिनवतिशताष्टादश दश. दुसऱ्या चरणात आकड्यांशिवाय एकही शब्द नाही, आणि तरी शिखरिणीचा यति, म्हणजे थांबा, सहाव्या अक्षरावर नेमका येतो. बेरीज ३६०, वजाबाकी ९,६४०. कुठले आकडे घ्यायचे हे ठरवताना त्यांच्या कानात शिखरिणी वाजत होती, याबद्दल मला शंका वाटत नाही.

भुंग्यांचं उदाहरण तर माझं अतिशय लाडकं आहे. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीच्या फुलांवर गेलं. सगळ्यांचे आठ नवमांशही तिकडेच गेले. उरला एक भुंगा, सुगंधाच्या लोभानं रात्री कमळात अडकलेला, आत गुणगुणणारा. आणि बाहेर त्याची भुंगी त्याला गुणगुणून साद देणारी. सांग, भुंगे किती? संख्या दोन-य-वर्ग माना. वर्गमूळ य, म्हणून समीकरण येतं दोन य वर्ग वजा नऊ य वजा अठरा बरोबर शून्य. य सहा, भुंगे बहात्तर. ताळा: सहा गेले, चौसष्ट गेले, दोन राहिले. दहावीच्या वर्गसमीकरणांत आपण घालतो त्याच जातीचं हे उदाहरण आहे. पण त्यातला दोन हा आकडा बघा. तो कमळाच्या आत आणि बाहेर असलेल्या एका जोडप्याचा आहे. श्लोक मालिनीत आहे: सुरुवातीला सहा लघु सरसर जातात आणि मग गुरूंवर लय रेंगाळते.

कमळाचं उदाहरण मंदाक्रान्तेत, मेघदूताच्या वृत्तात. चक्रवाक आणि क्रौंच पक्ष्यांनी गजबजलेलं तळं, पाण्यावर वीतभर डोकं काढलेली कमळकळी. वारा मंद मंद वाहतो, कळी कलते आणि दोन हातांवर पाण्यात बुडते. मन्दं मन्दं चलितमनिलेन. पाणी किती खोल? पायथागोरसच्या प्रमेयानं पावणेचार हात. वीत म्हणजे अर्धा हात, एवढं सांगितलं की नववीतलं मूल आकृती काढून उत्तर आणतं. आकृतीत त्रिकोण येतो तो कलत्या देठाचा. श्लोक पाठांतरासाठी पद्यात लिहिले, एवढंच कारण सांगून हे संपत नाही. पाठांतराला कुठलंही वृत्त चाललं असतं. वाऱ्यानं हळूहळू कलणाऱ्या कळीसाठी मंदाक्रान्ता निवडणं हे कवीचं काम आहे.

हे सगळं आपल्यापासून लांब नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा राजज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथे मठ काढला, आणि तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या मठाला जी दानं मिळाली, त्यांची नोंद या लेखात आहे. लेखाचा वरचा भाग संस्कृतात, पण देण्याघेण्याचा तपशील त्या वेळच्या मराठीत. शिकवण्यासाठी पैसा कुठून येणार हे लोकांना कळेल अशा भाषेत लिहून ठेवलेलं आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

याच सिंघणाच्या पदरी देवगिरीला शार्ङ्गदेव होता. हुद्दा राज्याच्या हिशेब-दप्तराचा, आणि ग्रंथ लिहिला संगीतरत्नाकर. सात स्वर प्रत्येकी एकदा घेऊन किती ताना होतील? ५,०४०. त्यांतली अमुक क्रमांकाची तान कोणती, आणि दिलेल्या तानेचा क्रमांक कोणता, हे काढायला त्यानं खंडमेरू नावाचं कोष्टक दिलं. म्हणजे पिंगलांचे नष्ट आणि उद्दिष्ट, लघु-गुरूंच्या जागी स्वर. एकाच दरबारात गणिताचा नातू आणि संगीताचा हिशेबनीस. आज त्यांची नावं आपण दोन वेगळ्या पुस्तकांत टाकतो.

संगीताचंच निघालं म्हणून तिहाईबद्दल लिहिते, कारण तबला शिकणारी मुलं प्रत्येक शाळेत चार-दोन तरी असतात. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. तीनतालात समेवरून तिहाई उचलायची आणि शेवटचा धा पुढच्या समेवर टाकायचा. तालाच्या सोळा मात्रा आणि पुढच्या समेची एक, मिळून सतरा. तीन पल्ले, म्हणजे बोलाच्या तीन फेऱ्या, आणि त्यांच्यामध्ये दोन दम, म्हणजे विसावे, यांनी सतरा भरायचे. पल्ला पाच मात्रांचा असेल तर दम एकेक मात्रेचा. पल्ला तीनचा असेल तर दम चारचा. पल्ला चारचा घेतला तर पूर्ण मात्रांत जमणारच नाही, कारण सतरातून बारा गेले की पाच उरतात आणि पाचाचे दोन सारखे भाग पूर्णांकात होत नाहीत. बेदम, म्हणजे मध्ये दम न घेता केलेली, तिहाई समेवरून जमत नाही, सतराला तिनानं भाग जात नाही. पण खालीवरून, नवव्या मात्रेवरून उचलली तर नऊ मात्रा मिळतात आणि तीन-तीन-तीन बेदम नेमकी समेवर येते. गणितात अशा समीकरणांना पूर्णांकी उकली शोधायच्या असतात, भास्कराचार्यांचा कुट्टक त्यासाठीच आहे. तबलजी ते बोटांवर करतो. वर्गातल्या एखाद्या मुलाला बाकावर वाजवून दाखवायला सांगा, मग समीकरण लिहा.

ठिपक्यांच्या रांगोळीचंही तसंच. 'पंधरा ते आठ' असं म्हटलं की घरातल्या बायकांना ठिपके कसे मांडायचे ते कळतं: मधली ओळ पंधराची, वर-खाली एकेक कमी करत आठापर्यंत. एकूण ठिपके? अंकगणिती श्रेढीनं चौदापासून आठपर्यंत ७७, दुप्पट १५४, मधले पंधरा मिळून १६९. तेराचा वर्ग. 'सात ते चार' केली तर ३७, तो कशाचाच वर्ग नाही. कुठल्या रांगोळीत वर्ग येतो आणि कुठल्या नाही, हा प्रश्न हुशार मुलाला महिनाभर पुरेल.

आता तुमच्या मनात येतील त्या शंका. पहिली: वृत्तबद्ध कविता आता लिहितं कोण? लिहितात. मराठी गझल लिहिणारी तरुण मुलं फोनवर एकमेकांना लगावली, म्हणजे ओळीची लघु-गुरु मांडणी, पाठवतात, मात्रा चुकली तर रात्री अकराला दुरुस्ती सुचवतात. ती हे वर्गाबाहेर शिकली आहेत. आणि मुक्तछंद लिहिणाऱ्यालाही आपण कशातून मुक्त झालो हे ठाऊक असलेलं बरं.

दुसरी शंका: अभ्यासक्रमाचं ओझं. नवं काहीच घालू नका. वर्गसमीकरणं, पायथागोरस, श्रेढी, घातांक, गण, मात्रा, हे सगळं आपण शिकवतोच. उदाहरणं बदला आणि दोन तास एकमेकांना जोडून घ्या.

तिसरी गोष्ट शंका नाही, माझी कळकळीची विनंती आहे. हा मजकूर 'तुम्हाला माहीत आहे का?' अशा रंगीत चौकटीत टाकू नका. फिबोनाचीच्या आधी हेमचंद्र, पास्कलच्या संख्यात्रिकोणाच्या आधी पिंगलांचे टीकाकार हलायुध यांचा तसाच मेरू, एवढ्या अभिमानाच्या दोन ओळी छापून मुलांच्या हाती काही लागत नाही. हेमचंद्रांचा मान राखायचा तर पाच आणि तीन मिळून आठ का होतात हे मुलानं स्वतः लिहून काढावं. मेरूचं नाव घ्यायचं तर चार अक्षरांच्या सोळा मांडण्या मांडून, एकही गुरु नसलेली एक, एक गुरु असलेल्या चार, दोन असलेल्या सहा, तीन असलेल्या चार आणि चारही गुरूंची एक, असं त्यानं मोजावं. पूर्वजांचं नाव पाठ करण्यापेक्षा त्यांचं काम हातानं करून बघितलं तर ते खरं मुलांचं होतं.

धडा कसा असावा याबद्दल थोडं. सुरुवात म्हणण्यापासून व्हावी, व्याख्येपासून नको. आधी मनाचा श्लोक, अभंग, एखादी जात्यावरची ओवी, सगळ्या वर्गानं टाळीवर म्हणाव्यात. मग मोजणी. परीक्षेत 'गण पाडा व वृत्त ओळखा' इतकंच न विचारता, 'भुजंगप्रयातात स्वतःची एक ओळ लिहा आणि तिचा क्रमांक ताळा करून दाखवा' असं विचारावं. ओळ बाळबोध असली तरी पूर्ण गुण द्यावेत. धड्यात माधव जूलियनांचा परिचय असावा. छंदोरचना हा मराठी छंदांचा एवढा मोठा अभ्यास ज्यांनी केला, त्याच कवीनं उमर खय्यामच्या रुबाया फारसीतून मराठीत आणल्या. आणि तो खय्याम घन समीकरणं शंकुच्छेदांच्या छेदनबिंदूंनी सोडवणारा अकराव्या शतकातला मोठा गणिती होता. अशी माणसं भेटली की कविता आवडणाऱ्या मुलीला गणिताची भीती बाळगायचं कारण उरत नाही, आणि गणित आवडणाऱ्या मुलाला कविता लपवून वाचावी लागत नाही.

शिक्षकांची तयारी हा मात्र खरा प्रश्न आहे आणि तो मी सोपा करून सांगणार नाही. गणिताच्या पुष्कळ शिक्षकांना लघु-गुरु पाडता येत नाहीत, मराठीच्या पुष्कळ शिक्षकांना दोनाच्या घाताची धास्ती वाटते. पण दोघं एकाच शिक्षकखोलीत बसतात. प्रशिक्षणाला दोघांना जोडीनं बोलवा, एकाला एकटं बोलवू नका. पहिल्या दिवशी गणिताच्या शिक्षकानं श्लोक म्हणावा आणि मराठीच्या शिक्षकानं प्रस्तार मांडावा. आठ अक्षरांचा नको, तीनचा पुरे, आठच ओळी होतात.

माझ्या वर्गात वापरून झालेल्या उदाहरणांची वही माझ्याकडे आहे: उद्दिष्ट-नष्टाची कोष्टकं, लीलावतीतल्या श्लोकांची मराठी रूपं, तिहाईचे आणि रांगोळीचे प्रश्न, मुलांनी लिहिलेल्या ओळी. दोन्ही समित्यांची एकत्र बैठक ठरली तर ती घेऊन मी येईन. बैठकीची तारीख तेवढी कळवावी.

आपली,
गणिताची एक शिक्षिका